झाडलेली बाग

‘सुशोभीकरण’ हा शब्द मराठी गद्यात कोणी आणला, हे शोधून काढण्यासारखे आहे. तो शब्द आपल्या मनात काय घेऊन आला, हे पाहण्यासाठी मात्र ग्रंथालयात जाण्याची गरज नाही. व्याकरण पुरेसे आहे. संस्कृतातील च्वि प्रत्ययाचा अर्थ ‘जे पूर्वी तसे नव्हते ते तसे करणे’ असा आहे. म्हणजे एखाद्या जागेचे सुशोभीकरण होते, तेव्हा ती जागा आधी शोभाहीन होती हे गृहीत धरलेले असते. तिथे उंबराचे एक वेडेवाकडे झाड असेल, त्याच्या बुंध्याशी घाणेरी आणि रुई माजली असेल, पावसाळ्यात पाणी साचून बेडूक ओरडत असतील. या साऱ्याला ‘शोभा नाही’ असे ठरवणारा निर्णय त्या एका प्रत्ययात लपलेला आहे. तो निर्णय सौंदर्यशास्त्रीय आहे, म्हणूनच एका साहित्यसमीक्षकाने त्यात लक्ष घालणे गैर ठरू नये. बागेचा प्रश्न वनस्पतिशास्त्रज्ञांचा आणि नगररचनाकारांचा आहे, असे म्हणून आपण तो फार काळ त्यांच्याकडे सोपवला. त्यांनी त्यांचे काम केले. आपण आपले केले नाही.

आज कोणत्याही भारतीय शहरातील गृहनिर्माण संस्थेची किंवा नगरपालिकेची बाग पाहावी. इंदूरची पाहा, बडोद्याची पाहा, पुण्याची पाहा. ती एकच बाग आहे. मध्ये हिरवळ, भोवती पेव्हर ब्लॉकची वाट, कडेला गुडघ्याएवढी कातरलेली मेंदी किंवा दुरांटा, कोपऱ्यात सशाच्या किंवा पेंग्विनच्या आकाराची कचराकुंडी, आणि बसायला सिमेंटचे ओंडके. या ओंडक्यांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. त्यांवर सालीच्या रेघा काढलेल्या असतात, कापलेल्या टोकाला वर्षवलये कोरलेली असतात आणि सगळ्यावर तपकिरी रंग दिलेला असतो. त्याच बागेत एखादे खरे झाड वठले किंवा वादळात पडले, की त्याचे खरे ओंडके चोवीस तासांत ट्रकमध्ये भरून बाहेर नेले जातात. लाकूड हाकलायचे आणि लाकडाची प्रतिमा बसवायची, हरीण नाही म्हणून सिमेंटचे हरीण उभे करायचे, हा आपल्या उद्यानकलेचा सिद्धान्त झाला आहे.

त्याची कथा आपल्याकडे फार पूर्वी लिहिली गेली आहे. महाभारताच्या आदिपर्वात खांडववन जळते. त्यातील पशुपक्षी, सर्प पळून जाऊ लागतात आणि त्यांना पुन्हा आगीत लोटले जाते. जे मोजके जीव वाचतात त्यांत शार्ङ्गक पक्ष्यांची चार पिले असतात आणि मय नावाचा शिल्पी असतो. हा मयच पुढे पांडवांना ती प्रसिद्ध सभा बांधून देतो, जिथे पाणी जमिनीसारखे आणि जमीन पाण्यासारखी दिसते, आणि सरोवरातली कमळे रत्नांची असतात. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये खांडवदाह आणि मयसभा यांचा संबंध वाचकांपुढे आणला, त्या ग्रंथाला १९६८ मध्ये साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला आणि तो अभ्यासक्रमांतही गेला. परंतु अभ्यासक्रमातून बाहेर पडलेले विद्यार्थी संस्थांच्या व्यवस्थापन समित्यांवर बसले, तेव्हा त्यांनी मयाचीच कंत्राटे काढली.

प्रवेशद्वारावर बहुधा तुकोबांचा एक फलक असतो. झाडांना आणि वेलींना सोयरे म्हणणारा तो अभंग महाराष्ट्रात कोणाला पाठ नाही? पण त्या अभंगाच्या पहिल्याच ओळीत झाडावेलींच्या पंक्तीला वनात फिरणारे प्राणीही बसवलेले आहेत. नात्याची ती यादी त्यांच्यावाचून पुरी होत नाही. रंगाऱ्याचा कुंचला मात्र बहुतेक वेळा त्यांच्या आधीच थांबतो. हा जागेअभावी झालेला संक्षेप असेल, असे मानायला मी तयार होतो. इतक्या फलकांवर तो तसाच दिसल्यावर तो संक्षेप राहत नाही, ते संपादन ठरते. आम्हाला झाडे हवीत, त्यांवर राहणारे कोणी नको, असा त्याचा अर्थ आहे.

या संपादनाची मुळे आपल्या काव्यशास्त्रात आहेत, हे मान्य केले पाहिजे. रसप्रक्रियेत निसर्गाला आपण उद्दीपन विभावाची जागा दिली. चंद्र, उपवन, कोकिळेचा स्वर, मलयवारा हे सारे कशासाठी? नायक-नायिकेच्या मनात आधीच असलेली रती चेतवण्यासाठी. कोकिळा स्वतः कोणाच्या घरट्यात अंडे घालते, तिचे पिल्लू काय खाते, हे रसशास्त्राला विचारायचे नसते. महाकवी शास्त्रापेक्षा मोठे असतात, हे खरेच. शाकुंतलाच्या चौथ्या अंकातील हरिणाचे पाडस आणि आश्रमातील वेली यांना कोणी नुसते उद्दीपन म्हणेल तर त्याने ते नाटक वाचलेले नाही. परंतु आपण कवींकडून न शिकता टीकाकारांकडून शिकलो. मराठीत बालकवींना ‘निसर्गकवी’ असे लेबल लावून आपण एका कप्प्यात ठेवले. निसर्ग हा काव्याचा एक विषय आहे, विरहासारखा किंवा देशभक्तीसारखा, असे त्या लेबलात गृहीत आहे. आजची सार्वजनिक बाग म्हणजे सिमेंटात ओतलेला उद्दीपन विभाव आहे. सकाळी फिरायला येणाऱ्याचे मन प्रसन्न करणे हे तिचे एकमेव प्रयोजन. त्या प्रयोजनाला जे उपयोगी नाही ते उपटून टाकायचे.

याच देशात दुसरे एक काव्यशास्त्र होते आणि आहे. तमिळच्या ‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन ग्रंथात कवितेच्या द्रव्याचे तीन भाग सांगितले आहेत: मुदल्, म्हणजे स्थळ आणि काळ, उरि, म्हणजे माणसाचा भाव, आणि या दोहोंच्या मध्ये करु, म्हणजे त्या स्थळाचे स्वतःचे असे जे जे काही तेथे जन्मते आणि जगते ते. त्यात तिथले झाड येते, फूल येते, पक्षी येतो, पशू येतो, पाणी येते, तिथल्या माणसांचे अन्न आणि उद्योगही येतात. डोंगराची कविता कुरिंजीची, समुद्रकाठची नेय्दलची. एकीकडचा पक्षी दुसरीकडे उचलून बसवायचा असेल तर कवीजवळ कारण लागते. माणसाचा भाव या जीवांवाचून उभा राहू शकत नाही, असे त्या शास्त्राचे म्हणणे आहे. मराठी समीक्षेने युरोपातील दर दशकाचे वाद आयात केले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हा विचार विंध्याच्या अलीकडे, आपल्या दाराशी असताना आपण त्याला तुलनात्मक साहित्याच्या ऐच्छिक प्रश्नपत्रिकेत टाकले. इंदूर, बडोदा, पुणे येथील बागा एकसारख्या का दिसतात, याचे उत्तर या दुर्लक्षात आहे. त्यांना मुदल् आहे, उरि आहे, करु नाही.

आता भ्रमराकडे वळू. मराठी-संस्कृत कवितेतला हा सर्वांत राबवलेला कीटक. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या मोहाचे वर्णन करताना एक दृष्टान्त येतो: कठीण लाकूड सहज पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत अडकून पडतो. त्यावर पिढ्यान् पिढ्या प्रवचने झाली, स्नेहाच्या कोवळ्या बंधनाबद्दल पुष्कळ सुंदर बोलले गेले. दृष्टान्ताच्या पहिल्या अर्ध्या भागाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. भुंगा लाकूड पोखरतो; ही कविकल्पना नसून निरीक्षण आहे. तो काळा, निळसर पंखांचा, मोठ्याने गुणगुणणारा भुंगा वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत बोगदा करतो, त्यात परागाचा गोळा ठेवतो, त्यावर अंडे घालतो आणि भुशाची भिंत घालून पुढची खोली तयार करतो. फूल हे त्याचे हॉटेल आहे, घर मेलेल्या लाकडात आहे. ज्ञानदेवांना दोन्ही ठाऊक होते. आमच्या बागेने कळी ठेवली आणि लाकूड बाहेर काढले. मग त्या दृष्टान्ताचे शिक्षक वर्गात काय दाखवणार? सिमेंटचा ओंडका भुंग्याला पोखरता येत नाही.

वठलेल्या फांदीचा असा एकटा भुंगाच धनी नाही. तांबट पक्षी आपले बीळ वाळक्या, मऊ झालेल्या फांदीत कोरतो. दयाळ आणि साळुंकी यांना स्वतः कोरता येत नाही. त्यांना तयार ढोली लागते. व्यवस्थापन समितीला वठलेली फांदी धोकादायक वाटते. वाटेवर ओणवलेली फांदी तोडावी, यात वाद नाही. परंतु कोपऱ्यातले, कोणाच्याही डोक्यावर न पडणारे वठलेले खोड तोडण्यामागे सुरक्षितता नसते. ते ‘बरे दिसत नाही’ एवढेच त्यामागे असते.

याच ‘बरे दिसत नाही’चा दुसरा बळी म्हणजे अळी. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राणी पाकोळीला राज्य फुलपाखराचा मान दिला. काळ्या मखमलीवर निळी छटा असलेले ते फुलपाखरू पाहून कोणीही हरखेल. त्याची अळी लिंबू, पपनस अशा लिंबाच्या कुळातील झाडांची पाने खाते. बागेतल्या लिंबाची पाने कुरतडलेली दिसली की माळ्याला औषध मारायला सांगणारे हात आणि राज्य फुलपाखराच्या चित्राखाली टाळ्या वाजवणारे हात एकाच माणसाचे असतात. दिल्लीने २०१२ मध्ये चिमणीला राज्यपक्षी केले. चिमणी दाणे टिपते म्हणून आपण गॅलरीत ज्वारी ठेवतो. पण पहिल्या दिवसांत तिची पिले दाण्यावर वाढत नाहीत, त्यांना किडे आणि अळ्या भरवाव्या लागतात. लाकडी खोपा विकत आणून भिंतीला टांगायचा आणि खालच्या बागेत महिन्याला फवारणी करायची, हे घर देऊन अन्न तोडणे झाले. फुलपाखरे हवीत आणि अळ्या नकोत, ही मागणी वय झालेल्या माणसांच्या तोंडी शोभत नाही. फुलांचे ताटवे लावून मध पुरवला की काम झाले, असे मानणाऱ्या ‘फुलपाखरू उद्याना’च्या योजनाही याच जातीच्या आहेत. फुलपाखरू मध अनेक फुलांवर पिते, अंडी मात्र ठरावीक झाडांवर घालते. रुईवर घालणारे वेगळे, बहाव्यावर घालणारे वेगळे. आणि रुई ही आमच्या लेखी उकिरड्यावरची, शनिवारी मारुतीला पाने वाहण्यापुरती.

बांडगुळाचे उदाहरण तर सर्वांत बोलके आहे. मराठीत ‘बांडगूळ’ ही शिवी आहे; दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला आपण ती देतो, आणि साठोत्तरी वैचारिक गद्यात ती फार सैल हाताने वापरली गेली. आंब्यावर बांडगूळ दिसले की ते छाटले जाते. पण ‘हळदीकुंकू’ या नावाचे, पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांचे, आपल्या भाषेतील सर्वांत सुरेख नाव मिळालेले फुलपाखरू बांडगुळाच्या पानांवरच अंडी घालते. अंगठ्याएवढा फुलटोच्या पक्षी बांडगुळाची फळे खातो आणि चिकट बिया फांदीवर पुसून नवे बांडगूळ रुजवतो. बांडगूळ अनिर्बंध वाढले तर झाड खंगते, हे खरे. माझ्या म्हणण्याचा अर्थ फळबागायतदाराने ते जपावे असा नाही. परंतु सार्वजनिक बागेतील आंब्याने मोहराचा हिशेब कोणाला द्यायचा आहे? दोन फांद्या त्याला द्यायला काय हरकत आहे? हळदीकुंकू हे नाव ज्या भाषेने दिले त्याच भाषेने बांडगूळ ही शिवी बनवली. हे दोन शब्द एकाच फांदीवर राहतात, याची जाणीव ठेवणारे गद्य आपण लिहिले नाही.

पालापाचोळ्याबद्दल अधिक लिहीत नाही. पहाटे खराट्याने जमीन उघडी केली जाते, तिच्यातल्या गांडुळांचे आणि वाळवीचे आच्छादन जाते, आणि मग त्याच जमिनीसाठी पोत्यांतून खत विकत आणले जाते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ च्या डिसेंबरात उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी केली आणि दंडही ठरवले. तरीही हिवाळ्यातील सकाळी कोणत्या शहरात पाने जळत नाहीत, हे वाचकांनी सांगावे.

या भूमिकेवर दोन आक्षेप हटकून घेतले जातात. पहिला साप आणि डास यांचा. जिथे झुडपे तिथे साप येईल, ही भीती खोटी नाही, आणि मुले खेळतात ती जागा मोकळीच असली पाहिजे. पण साप झुडपामागे येत नाही, उंदरामागे येतो. आणि उंदीर झुडपामुळे वाढत नाहीत, संस्थेच्या कचऱ्यामुळे वाढतात. शहरी वस्तीजवळ वारंवार दिसणारी धामण बिनविषारी असते आणि उंदरांवर जगते. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साचलेल्या, थोड्या पाण्यात वाढतो. म्हणजे आपल्या गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या बशांत. ज्या तळ्यात चतुरांची पिले आणि छोटे मासे आहेत तिथे डासांच्या अळ्या खाल्ल्या जातात. बश्या कोरड्या कराव्यात आणि तळे ठेवावे. आपण बश्या ठेवतो आणि तळे बुजवतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो माणसांच्या नावाने घेतला जातो. आमच्या शहरांत माणसाला श्वास घ्यायला जागा नाही. तिथे किड्यांसाठी कोपरे राखायचे ही सुखवस्तूंची चैन नव्हे काय? हा प्रश्न विचारणाऱ्याने प्रथम आपल्या बागेच्या दारावरची वेळ वाचावी. अनेक शहरांत सार्वजनिक बागा दुपारी बंद असतात. ज्या वेळी उन्हातून आलेल्या हमालाला, घरकाम करून दुसऱ्या घरी निघालेल्या बाईला सावलीची खरी गरज असते, नेमक्या त्या वेळी कुलूप असते. बाकांवर मध्ये लोखंडी दांडे बसवलेले असतात, कोणी आडवे होऊ नये म्हणून. बाग झाडून काढणारी दृष्टी मुंगीपाशी थांबत नाही. जे जे ‘बरे दिसत नाही’ ते ते तिला बाहेर हवे असते, त्यात माणूसही आला. म्हणून हा वाद माणूस विरुद्ध किडा असा नाहीच. वठलेल्या खोडाला जागा देणारी समिती दुपारी झोपलेल्या माणसालाही हाकलणार नाही, अशी हमी मी देत नाही. पण खोड काढणारी समिती त्याला नक्की हाकलते.

यावर कोणी देवराईचा दाखला देईल. तो द्यावा, पण जपून. सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला, त्यातून या राया किती जुन्या जंगलाचे अवशेष आहेत हे शास्त्रीय जगापुढे आले. देवराईत पडलेली काटकीही घरी न्यायची नाही, असा गावोगावचा दंडक. कोकणात झाड तोडायचे तर देवाला कौल लावायचा. गावाची सामाईक बाग म्हणावे तर ती हीच होती, आणि तिची मालकी देवाकडे असल्यामुळे माणसाकडे फक्त येण्याजाण्याचा हक्क होता. एवढे कबूल करून पुढे हेही सांगितले पाहिजे, की तो दंडक भयावर उभा होता, आणि राईत कोणी पाऊल टाकायचे व कोणी नाही याचेही नियम त्यातच होते. त्या भयाकडे परत जा, असे सांगण्यात अर्थ नाही. ते भय ओसरताच काय झाले? देवळाचा जीर्णोद्धार झाला. दगडी चौथऱ्यावर स्लॅब आला, सभामंडपासाठी झाडे गेली, देव राहिला आणि राई गेली. शहरातल्या सुशोभीकरणाला गावात ‘जीर्णोद्धार’ म्हणतात, एवढाच फरक.

भय नसतानाही हे जमते, याचे पुरावे आहेत. मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, जिथे शहराचा कचरा टाकला जात असे तिथे सुमारे सदतीस एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे आहे. ते १९९४ मध्ये लोकांसाठी खुले झाले. कचऱ्याच्या थरावर माती घालून तिथे झाडे लावली गेली आणि मग पक्षी आणि फुलपाखरे आपली आपण आली. दिल्लीत वझिराबादजवळ यमुनेच्या पूरमैदानात २००२ पासून यमुना जैवविविधता उद्यान घडवले गेले. दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठ यांनी ते खारवट जमिनीवर केले. पाणथळ केली, गवताळ पट्टे केले, नदीकाठची झाडे आणली. २०१६ मध्ये तिथे बिबट्या दिसला. त्याला पकडून दूरच्या जंगलात सोडण्यात आले. या घटनेत प्राधिकरणाचे यश आणि आपली मर्यादा दोन्ही दिसतात. परंतु बिबट्याचा प्रश्न प्राधिकरणांचा आहे, आपल्या संस्थेच्या आवारात तो उद्भवत नाही. तिथे प्रश्न भुंग्याचा आणि शिंपी पक्ष्याचा आहे. शिंपी दोन-तीन हिरवी पाने कोळ्याच्या धाग्याने शिवून घरटे करतो, जमिनीपासून हातभर उंचीवर, आपल्या मेंदीच्या कुंपणातच. दर पंधरवड्याला कातरी फिरली तर त्याची अंडी उबण्याआधीच घर कापले जाते.

एक इशारा द्यायला हवा, कारण या विषयावर बोलताना काही मंडळींचा आवाज अकारण चढतो. ‘देशी झाड’ आणि ‘परदेशी झाड’ ही भाषा बेताने वापरावी. गुलमोहर मादागास्करचा, सुबाभूळ मेक्सिकोची, घाणेरी अमेरिकेची, हे खरे. आणि सुबाभूळ व घाणेरी यांनी इतरांची जागा बळकावली हेही खरे. पण चिंच मूळची आफ्रिकेची असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात, आणि चिंचेवाचून मराठी गावाचे चित्र कोण काढील? कसोटी जन्मस्थानाची नसून आतिथ्याची असावी. या झाडावर कोण जगतो? उंबराला विचारले तर यादी संपत नाही: त्याच्या फळाच्या आत परागण करणारी खास वीतभर नव्हे तर तिळाएवढी गांधीलमाशी, वर वटवाघळे, तांबट, हरियाल, खारी. दुरांट्याच्या कातरलेल्या कुंपणाला विचारले तर उत्तर लवकर संपते. झाडांच्या नागरिकत्वाचे दाखले तपासणारी दृष्टी मात्र बागेतून लवकरच बाहेर पडते आणि माणसांचे दाखले मागू लागते. तिच्यापासून दूर राहिलेले बरे.

संस्थांच्या वार्षिक सभांपुढे ठेवता येईल असा ठराव अवघड नाही. बागेच्या एका चतुर्थांश भागात खराटा चालवू नये. त्या भागातील पडलेले लाकूड तिथेच राहू द्यावे. कुंपणाची एक बाजू मार्गशीर्षापर्यंत कातरू नये. उंबर भिंतीत उगवला तर भिंतीतून काढावा, पण बागेत लावावा. फवारणीच्या खर्चाचा आकडा हिशेबपत्रकात वेगळा दाखवावा, म्हणजे सभासदांना तो दिसेल. आणि हे सर्व कसे करायचे ते माळ्याला विचारावे. तो बहुधा खेड्यातून आलेला असतो, त्याला झाडांची अशी नावे ठाऊक असतात जी समितीच्या अध्यक्षांना ठाऊक नसतात, आणि त्याच्याशी आपण फक्त ‘हे काढून टाक’ एवढेच बोलतो. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये लिहिले ते डोळे उघडे ठेवून; मारुती चितमपल्ली यांनी आपला शब्दसंग्रह जमवला तो रानात राहणाऱ्या माणसांचे ऐकून. मराठी विभागातील विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात. त्यांनी वही घेऊन आपल्या संस्थेच्या माळ्याकडे जावे, आणि मेंदीच्या कुंपणात कोणत्या महिन्यात कोण राहते, ते त्याच्या शब्दांत लिहून घ्यावे.